टोचल्यानंतरची तीस मिनिटं

ॲलर्जीची इंजेक्शनं तालुक्याच्या गावातल्या साध्या दवाखान्यात द्यावीत का, यावर डॉक्टरांमध्ये दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, हे काम तज्ज्ञाचंच आणि तेही सगळ्या सोयी असलेल्या ठिकाणी. दुसऱ्यांचं म्हणणं, जो उपचार घ्यायला दर आठवड्याला शहर गाठावं लागतं, तो गावाकडच्या माणसाला नाकारल्यासारखाच आहे. दोन्ही बाजूंना रुग्णाचीच काळजी आहे. म्हणून या बाजू समोरासमोर बसवण्यासाठी मी दोन पात्रं कल्पिली आहेत. काका सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं जनरल प्रॅक्टिस करतात. पुतणी पुण्यात छातीच्या विकारांची डॉक्टर आहे आणि ॲलर्जीचं काम करते. विषय निघतो तो काकांच्या एका रुग्णावरून. त्या शाळेत शिक्षिका आहेत, वर्षभर शिंका आणि जोडीला दमा. कुठेतरी रक्त तपासून त्यांना व्हायल्सचा एक संच दिला गेला आणि ‘जवळच्या डॉक्टरांकडून टोचून घ्या’ असं सांगितलं गेलं. तो संच आता काकांच्या फ्रिजमध्ये आहे.

काका: बाई दोनदा येऊन गेल्या, कधी सुरू करायचं म्हणून. मी म्हटलं, पुतणी येतेय, तिला विचारतो. खरं सांगायचं तर विचारण्यासारखं काय आहे यात? कातडीखाली द्यायचं इंजेक्शन. मात्रा कागदावर लिहून आलेली. इन्सुलिन तर माणसं घरी आपल्या हाताने घेतात.

पुतणी: काका, इन्सुलिन घेतल्यावर दहाव्या मिनिटाला कुणाचा घसा सुजत नाही. इथे ज्या गोष्टीचं बाईंना वावडं आहे, तीच आपण मुद्दाम त्यांच्या अंगात घालणार आहोत.

काका: मग देऊच नये म्हण ना.

पुतणी: तसं नाही. योग्य माणसाला दिलं तर याच्यासारखा उपचार नाही. गोळी शिंका थांबवते, पण गोळी बंद केली की शिंका परत. इथे तीन-चार वर्षं नीट इंजेक्शनं घेतली तर बंद केल्यावरही फरक टिकतो. लंडनमध्ये गवताच्या परागकणांच्या ॲलर्जीवर अभ्यास झाला होता, १९९९ साली छापून आला. इंजेक्शनं थांबवल्यानंतर पुढची तीन वर्षं गुण टिकला होता.

काका: लंडनचं गवत. आमच्याकडे गाजर गवत.

पुतणी: तेही सांगते. पण या उपचाराची सुरुवातच लंडनच्या गवतापासून झाली. सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून म्हणून एक डॉक्टर होता. १९११ साली त्याने परागकणांचा अर्क काढून, मात्रा हळूहळू वाढवत रुग्णांना टोचला. त्याची समजूत अशी की परागकणांत विष असतं आणि त्या विषाविरुद्ध लस द्यायची. समजूत चुकीची होती, उपचार मात्र लागू पडला. नून दोनच वर्षांत क्षयाने गेला आणि जॉन फ्रीमन या सहकाऱ्याने काम पुढे नेलं. ॲलर्जी घडवून आणणारं आयजीई सापडायला १९६६-६७ साल उजाडलं. आज आपल्याला माहीत आहे की थोडं थोडं, ठरलेल्या अंतराने तेच प्रथिन देत राहिलं की शरीरात आयजीजी-४ वाढतं, नियंत्रण ठेवणाऱ्या टी-पेशी तयार होतात आणि शरीर त्या प्रथिनाला शत्रू मानायचं सोडतं.

काका: शंभर वर्षं चाललंय म्हणून खरं, असं मी मानत नाही. मधमाशीच्या डंखाचं काय झालं ते तूच मला एकदा सांगितलं होतंस.

काका इथे दुखऱ्या जागी बोट ठेवतात. मधमाशी आणि गांधीलमाशीच्या डंखाने ज्यांचा जीव धोक्यात येतो, अशा लोकांना कित्येक दशकं अख्ख्या माशीच्या शरीराचा अर्क टोचला जात होता. १९७८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी तो अर्क, शुद्ध विष आणि निव्वळ बनावट औषध यांची तुलना केली. अख्ख्या माशीचा अर्क बनावट औषधाहून सरस ठरला नाही. शुद्ध विष घेतलेल्यांना मात्र जवळजवळ सगळ्यांना संरक्षण मिळालं. इतकी वर्षं डॉक्टर मनापासून टोचत होते आणि रुग्ण मनापासून टोचून घेत होते. बाटलीत नेमकं काय आहे हा प्रश्न म्हणूनच सगळ्यात आधी विचारला पाहिजे, सुरक्षिततेच्याही आधी. ज्याचा उपयोगच होणार नाही, त्याच्यासाठी घेतलेला कुठलाही धोका जास्तच.

पुतणी: म्हणून तर विचारते, त्या बाटलीवर काय लिहिलंय?

काका: थांब, आणतो. हे बघ. धुळीतले किडे दोन जातींचे, झुरळ, तीन बुरशा, गाजर गवत, गव्हाचा भुस्सा, कापूस, आणि हे शेवटचं वाचता येत नाही.

पुतणी: दहा गोष्टी एका बाटलीत. म्हणजे प्रत्येकीची मात्रा पातळ होऊन होऊन उपयोगाच्या खाली गेली. शिवाय बुरशी आणि झुरळाच्या अर्कात प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स असतात. ती परागकणांच्या अर्कासोबत एका बाटलीत ठेवली तर परागकणांची प्रथिनं नासवतात. आपल्याकडचे बरेचसे अर्क अजून किती ग्रॅमला किती पाणी, अशा वजनाच्या हिशोबातच येतात. त्यात मूळ ॲलर्जन किती, ते एका बाटलीपासून दुसऱ्या बाटलीपर्यंत बदलू शकतं.

काका: रिपोर्टमध्ये दहाही पॉझिटिव्ह आहेत म्हणून घातल्या असतील. रिपोर्टही चांगला तीन पानी आहे. त्यात वांगं, तूरडाळ आणि दहीसुद्धा आहे. बाईंनी महिन्यापासून डाळ सोडलीय.

पुतणी: डाळ खाऊन त्यांना कधी काही झालं होतं?

काका: कधीच नाही. आयुष्यभर आमटी-भात खाल्लाय.

पुतणी: मग त्यांना आज रात्रीच सांगा, आमटी खा. काका, रक्तात किंवा कातडीवर टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीराने त्या गोष्टीची ओळख ठेवलीय, एवढंच. आजार तिच्यामुळेच आहे का, ते रुग्णाच्या बोलण्यातून कळतं. बाईंना त्रास कधी होतो?

काका: अंथरूण झटकताना. शाळेत जुनी कपाटं काढली तेव्हा. पावसाळ्यात आणि नंतर थंडीला जास्त. गावाला गेल्या आणि तिथल्या गोधड्या घेतल्या की रात्री हमखास.

पुतणी: हे धुळीतल्या किड्यांचंच वर्णन आहे. कपाशी त्यांच्या आसपास पिकत तरी आहे का? गाजर गवताबद्दल विचारा. नाक वाहत असेल तर परागकणांचा संबंध लावता येईल. पण ते उपटताना हाताला, मानेला खाज सुटून पुरळ येत असेल तर तो वेगळाच आजार. ती स्पर्शाची ॲलर्जी, आयजीईशी संबंध नाही, त्याला ही इंजेक्शनं चालत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गाजर गवताची देशातली सुरुवातीची नोंद पुण्याची, १९५० च्या दशकातली. आता महाराष्ट्रात त्याच्यावाचून एक बांध उरलेला नाही. अशा प्रदेशात निम्म्या लोकांची टेस्ट कशा ना कशाला पॉझिटिव्ह येऊ शकेल. म्हणून चांगला ॲलर्जीतज्ज्ञ आधी अर्धा तास नुसतं विचारतो आणि मग संशय असलेल्या मोजक्याच गोष्टींची स्किन प्रिक टेस्ट करतो. लांबलचक यादीचा रिपोर्ट हातात देऊन त्यावरून बाटली भरून देणं याला मी उपचार म्हणणार नाही.

काका: बरं. समज, नुसत्या धुळीच्या किड्यांची बाटली आली. मग टोचू?

पुतणी: दमा कसा आहे?

काका: आहे तसा. निळा पंप खिशात असतो. महिन्याला एक संपतो.

पुतणी: आणि रोजचा, स्टेरॉइडचा पंप?

काका: लिहून दिलाय. घेत नाहीत. सवय लागते म्हणतात.

पुतणी: मग नाही टोचायचं. अजिबात नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली औषध सुरक्षा समितीने जी सूचना काढली तिच्यामागे हेच होतं. १९५७ पासून तोवर या इंजेक्शनांनी २६ मृत्यू झाल्याची नोंद होती. ज्या १७ जणांना इंजेक्शन कशासाठी दिलं ते माहीत होतं, त्यातले १६ दम्याचे होते. ज्याच्या श्वासनळ्या आधीच आवळलेल्या आहेत, त्याला रिॲक्शन आली तर सावरायला जागाच उरत नाही. दमा आटोक्यात नसेल तर हे इंजेक्शन देऊ नये, यावर जगभरात दुमत नाही. इंजेक्शनाआधी पीक फ्लो मीटर फुंकायला लावायचं, प्रत्येक वेळी. नेहमीच्या आकड्याहून खाली आला, किंवा ताप आहे, सर्दी छातीत उतरलीय, तर त्या दिवशी सुट्टी.

काका: ब्रिटनचा विषय तू काढलास ते बरं झालं. त्या सूचनेत असंही होतं ना, की इंजेक्शनानंतर दोन तास बसवून ठेवा? आणि मग काय झालं? डॉक्टरांनी इंजेक्शनंच बंद केली. दोन तास कुणाला आहेत? ज्यांचा उन्हाळा शिंकण्यात जायचा, ते तसेच शिंकत राहिले. नियम इतका कडक केला की उपचारच संपला. मी तेच म्हणतोय. तुम्ही शहरातले लोक नियम करता आणि आमचा माणूस त्या नियमाच्या बाहेर पडतो.

पुतणी: हे मात्र खरं आहे. १९९४ साली त्यांनी तो वेळ एका तासावर आणला, पण तोवर तिथे हे काम करणारेच थोडे उरले होते. आता बहुतेक ठिकाणी अर्धा तास धरतात, कारण जीवघेण्या रिॲक्शन बहुतांशी तेवढ्यात सुरू होतात. उत्तर अमेरिकेत १९९० ते २००१ या काळाची पाहणी आहे, साधारण २५ लाख इंजेक्शनांमागे एक मृत्यू. म्हणजे धोका थोडा आहे. पण तो थोडा आहे, कारण दमा तपासतात, अर्धा तास बसवतात आणि हाताशी ॲड्रेनलिन असतं.

काका: ॲड्रेनलिन माझ्याकडे आहे.

पुतणी: कुठे?

काका: कपाटात. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिझोन ट्रेमध्ये असतं. अंगावर पित्त उठलं तर आधी एव्हिल, मग स्टेरॉइड. ॲड्रेनलिन अगदीच गरज पडली तर. वयस्कर माणसाच्या हृदयाला सोसेल का, ही धास्ती असतेच.

पुतणी: काका, इथेच माणसं जातात. नुसतं पित्त उठलं तर एव्हिल ठीक. पण पित्ताबरोबर आवाज बसला, घरघर सुरू झाली, उलटी झाली, डोळ्यापुढे अंधारी आली, तर पहिलं औषध ॲड्रेनलिनच. एव्हिल खाज थांबवतं, घशाची सूज उतरवत नाही, पडलेलं बीपी उचलत नाही. स्टेरॉइडला काम सुरू करायला तास लागतात. ॲड्रेनलिनची भीती आपल्या मनात बसलीय ती शिरेतून देण्याची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, एकास हजारचं अर्धा मिली मोठ्या माणसाला. मुलांना वजनाप्रमाणे, किलोला ०.०१ मिली. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. रुग्णाला आडवं झोपवून पाय वर, धाप असेल तर टेकून बसू द्यायचं, पण एकदम उभं करायचं नाही. बीपी पडलेल्या माणसाला उठवून गाडीत बसवताना मृत्यू झालेले आहेत. आणि दोन ॲम्पूल सिरिंजसह ट्रेमध्ये. कपाटात नाही.

काका: मान्य. ते आजच हलवतो.

पुतणी: बाई आणखी कुठल्या गोळ्या घेतात?

काका: थायरॉइडची. आणि हो, अर्धशिशीसाठी एक, दुसरीकडून लिहून आणलेली. प्रोप्रॅनोलॉल.

पुतणी: दम्याच्या रुग्णाला?

काका: अरे देवा. त्यांनी कागद दाखवला तेव्हा माझं लक्ष डोकेदुखीवर होतं.

पुतणी: म्हणजे दमा आटोक्यात न येण्याचं एक कारण इथेच असेल. ती गोळी श्वासनळ्या आवळू शकते. शिवाय रिॲक्शन आली तर आपण दिलेल्या ॲड्रेनलिनला ती काम करू देत नाही. ज्यांनी ती दिली त्यांच्याशी बोलून अर्धशिशीसाठी दुसरं काही सुरू करता येईल. पण बाईंना एकदम बंद करायला सांगू नका, हळूहळू उतरवायला लागेल.

वाचणाऱ्याला वाटेल, आता पुतणीचा विजय झाला आणि बाटली फ्रिजमधून बाहेर जाणार. पण काकांची बाजू अजून संपलेली नाही, आणि माझ्या मते तिचा खरा जोर पुढेच आहे.

काका: आता माझं ऐक. ही गोळी तू विचारलीस म्हणून मला आठवली. पण मला आठवली, कारण बाईंच्या घरातली प्रत्येक गोळी मला माहीत असते. पुण्याच्या रांगेत त्यांना कोण विचारणार आहे? दर आठवड्याला सकाळची एसटी पकडून स्वारगेटला उतरायचं, टोचून घ्यायचं आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून पळायचं. तिथे अर्धा तास बसतात का सगळे?

पुतणी: सगळे नाही बसत. खोटं कशाला बोलू? काही ठिकाणी तर टोचून लगेच पाठवतात.

काका: आणि रिॲक्शन कात्रजच्या घाटात आली तर? एसटीत कोण मांडीत ॲड्रेनलिन देणार? माझ्या दवाखान्यापासून बाईंचं घर हाकेच्या अंतरावर आहे. अर्ध्या तासानंतर, संध्याकाळी त्रास झाला तरी मी आहे. सांग, जास्त सुरक्षित कोण?

पुतणी: तुमची तयारी असेल तर तुम्ही.

हे उत्तर पुतणीने दिलं याचं मला महत्त्व वाटतं. जागेच्या मोठेपणावर सुरक्षितता ठरत नाही. चार खुर्च्यांच्या दवाखान्यात पीक फ्लो फुंकून घेतला, अर्धा तास रुग्णाला नजरेसमोर बसवलं, ॲड्रेनलिन, ऑक्सिजन आणि सलाइन तयार ठेवलं, तर तो दवाखाना घाईच्या मोठ्या हॉस्पिटलपेक्षा बरा. मात्र निदान कुणी करायचं, बाटलीत काय घालायचं आणि मात्रा वाढवत न्यायचा अवघड टप्पा कुठे पार पाडायचा, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत.

पुतणी: पण टोचायचं तुम्ही. कंपाउंडरने नाही.

काका: तो माझ्यापेक्षा हलक्या हाताने टोचतो.

पुतणी: हाताचा प्रश्नच नाही. १९९२ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी शेंगदाण्याच्या ॲलर्जीवर अशाच इंजेक्शनांचा प्रयोग छापला. त्यात बनावट औषध मिळायला हवं होतं अशा एका रुग्णाला औषध भरताना झालेल्या चुकीमुळे शेंगदाण्याचा खरा अर्क गेला आणि तो दगावला. तो प्रयोगच थांबवावा लागला. एवढ्या काटेकोर ठिकाणी बाटलीची अदलाबदल होते, तर आपल्याकडे होणारच नाही कशावरून? पातळ आणि दाट बाटल्यांमध्ये दहापट, शंभरपट फरक असतो. रुग्णाचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, बाटलीचा रंग, क्रमांक आणि तारीख मोठ्याने वाचायची, मागच्या वेळी काय झालं ते विचारायचं, मग सिरिंज भरायची. दंडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूला, कातडीखाली, आधी दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते बघून. चोळायचं नाही. त्या दिवशी शेतावर, व्यायामाला जायचं नाही.

काका: फ्रिज दोन ते आठ अंशांत असतो. धनुर्वात आणि रेबीजच्या लशी त्यातच असतात, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. ते सोड. मला वेगळीच चिंता आहे. बाई तीन वर्षं टिकतील का? दोन महिन्यांनी ‘गुण नाही’ म्हणून दुसरीकडे जातील आणि तिथे त्यांना ‘ॲलर्जीचं इंजेक्शन’ मिळेल. एका टोचणीत शिंका बंद, तीन आठवडे मजेत.

पुतणी: ते बरेच दिवस अंगात राहणारं स्टेरॉइड. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. शिंकांसाठी ते पुन्हा पुन्हा घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं. हे बाईंना आधीच सांगून ठेवायचं. आणि तीन वर्षांचं वचनही आधीच घ्यायचं. दोनच वर्षं दिली तर पुरत नाही, हे लंडनच्याच दुसऱ्या अभ्यासात २०१७ साली दिसलं. औषध थांबवल्यानंतरच्या वर्षी बनावट औषधवाल्यांपेक्षा फरक राहिला नव्हता. बदली होणार असेल, येणं जमणार नसेल, तर सुरूच करायचं नाही. नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे आणि रोजचा पंप नीट घेतला तर कित्येकांना इंजेक्शनाची गरजच उरत नाही.

काका: आणि जिभेखालचे थेंब? ते तर घरी घेता येतात.

पुतणी: धोका बराच कमी. पण पहिला थेंब तिथेही दवाखान्यातच. आणि रोज घ्यायचे, तीन वर्षं. बाईंना विचारा कुठलं झेपेल.

काका: मग ठरवूया. ही बाटली परत. आधी प्रोप्रॅनोलॉलचं बघतो. रोजचा पंप माझ्यासमोर घ्यायला शिकवतो, उशी आणि गादीला दाट विणीची खोळ, अंथरूण गरम पाण्यात धुणं. तीन महिन्यांनी तुझ्याकडे पाठवतो. तेव्हा दमा आटोक्यात असेल आणि तरीही नाक वाहत असेल, तर टेस्ट तू कर.

पुतणी: मात्रा वाढवायचे पहिले महिने माझ्याकडे. बाईंची शनिवारची शाळा सकाळची असते ना? दुपारची वेळ देते, आणि अर्धा तास बसल्याशिवाय जाऊ देणार नाही. महिन्याच्या इंजेक्शनावर आल्या की तुमच्याकडे. वर्षभरात काहीच फरक नाही पडला तर दोघांनी मिळून थांबवायचं.

काका: आणि मधेच त्यांना दिवस गेले तर?

पुतणी: सुरू केलेलं नसेल तर बाळंतपण होईपर्यंत सुरू करायचं नाही. महिन्याच्या ठरलेल्या मात्रेवर असतील आणि सोसत असेल तर तीच चालू ठेवायची. वाढवायची मात्र नाही.

काका: लग्नसराईत दोन महिने आल्याच नाहीत तर? पुढची मात्रा तीच देऊ?

पुतणी: नाही. मागे यायचं. किती मागे, ते किती दिवस चुकले त्यावर. मी तक्ता लिहून देते, तो फ्रिजच्या दारावर लावा. नवी बाटली उघडली की तेव्हाही मात्रा कमी करूनच सुरुवात, कारण ताजा अर्क जुन्यापेक्षा कडक असतो. आणि त्या दिवशी दवाखान्यात गर्दी असेल तर इंजेक्शन दुसऱ्या दिवशी द्या.